आकाशकंदिलांची दुकाने आणि नगराचे कर्तव्य

दाराशी आकाशकंदील लागला म्हणजे दिवाळी आली असे आपण मानतो. तो कंदील ज्या घरात तयार होतो, तेथे मात्र दिवाळी पावसाळ्यातच सुरू झालेली असते. माहीमच्या कंदील गल्लीत टांगलेल्या रंगीत ओळी पाहून हरखणाऱ्या नगरवासीयांस त्यामागील महिन्यांची कल्पना क्वचितच असते. बांबूच्या कामट्या तासणे, खळ शिजवणे, करंज्या चिकटवणे, झिरमिळ्या कातरणे ही कामे आजीपासून नातवापर्यंत सारे घर वाटून घेते. हे दुकान म्हणजे त्या कुटुंबाचाच विस्तार होय.

या धंद्याचे गणित मोठे कठीण आहे. भांडवल चार-चार महिने कागदात व कामट्यांत अडकते. विक्री पंधरा-वीस दिवसांत आटोपते. भाऊबीज झाली की त्याच कंदिलास कोणी विचारीत नाही आणि परतीच्या पावसाची एक जोरदार सर साऱ्या मेहनतीचा लगदा करून जाते. म्हणूनच अशी कुटुंबे राख्या, मखरे, कंदील, नाताळच्या चांदण्या, पतंग, पिचकाऱ्या असे वर्षाचे पंचांग दुकानाच्या माळ्यावर मांडून बसतात. जोडीला मुलांची खेळणी असतात. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी फळे, भोवरे व भातुकली अशाच दुकानांतून शहरातील मुलांच्या हाती पोचत आली आहेत.

ग्राहकाने दया म्हणून महाग वस्तू घ्यावी, असे आम्ही म्हणणार नाही. घरबसल्या स्वस्त माल मागविण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. पदपथ चालणाऱ्यांसाठी आहे, हेही आम्हांस मान्य आहे. तथापि, स्पर्धेत टिकणे हे दुकानदाराचे काम असले, तरी त्याला उभे राहावयास नियमित जागा देणे हे नगराचे काम आहे. पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली झाला. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य स्वतः विक्रेत्यांचे असावेत, असे तो कायदा सांगतो. असे असता ऐन सणाच्या तोंडावर कोठे बसावे व केव्हा उठावे, याची धास्ती विक्रेत्याच्या मनात का असावी? विनातारण कर्ज देणारी पंतप्रधान स्वनिधी योजना २०२० साली सुरू झाली, तेव्हा पहिला हप्ता १०,००० रुपयांचा होता. असे कर्ज पावसाळ्याच्या आरंभी हाती पडले तरच त्याचा कागद व बांबू होतो. दसऱ्याला मिळालेले कर्ज केवळ देणे होऊन बसते.

नियम करतानाही हेच भान हवे. मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली. गणेशोत्सवापुरती सवलत मागणाऱ्यांस उच्च न्यायालयानेही नकार दिला. बंदी योग्यच होती. परंतु पुठ्ठा व कापड यांकडे वळण्यास छोट्या कारागिराला हात कोणी दिला? खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. बालकांच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच होते. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांस त्यातून सूट आहे. मात्र अशी नोंद करून घ्यावी लागते, हे त्यांच्या दारी जाऊन सांगणे हेही शासनाचेच काम नव्हे काय?

या कुटुंबांसही एक गोष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. कंदिलांचा हंगाम व शाळेची सहामाही परीक्षा नेमकी एकाच सुमारास येतात. बालमजुरीविषयक कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने मुलांना घरच्या, धोक्याच्या नसलेल्या धंद्यात शाळेच्या वेळेनंतर व सुटीत मदत करण्याची मुभा ठेवली आहे. शाळा बुडवून बसविण्याची मुभा त्यात नाही. इतरांच्या मुलांसाठी खेळणी मांडणाऱ्या घरातील मूल परीक्षेच्या आदल्या रात्री खळीने माखलेले असणे, ही त्या दुकानास शोभा देणारी गोष्ट नव्हे. तसेच घरातील स्त्रियांच्या श्रमाचा हिशेब नफ्यात मांडला जावा. तो मांडला नाही म्हणूनच कंदील स्वस्त पडत असेल, तर ती स्वस्ताई खरी नव्हे.

आमची मागणी लहान आहे. हंगामी विक्रीच्या जागा व तारखा यांची यादी महानगरपालिकेने दरवर्षी श्रावणापूर्वी जाहीर करावी, आणि ती सणाच्या आदल्या आठवड्यात बदलू नये. पालिकेच्या तिजोरीवर याचा भार पडणार नाही. उलट, माल किती करावा हे घरी बसून ठरविता आले, तर अनेक कुटुंबांचे कर्ज टळेल आणि परीक्षेच्या दिवसांत मुलांना अभ्यासाला बसविण्याइतकी उसंत त्यांस मिळेल.