एका छोट्या फाइलीत शंभर कोटी ‘हा’

आधारचं तंत्रज्ञान केंद्र आमच्या बेंगळुरूत आहे. आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल तुम्ही उतरवून घेतली असेल, तर ती एक्सएमएल असते. माहिती खुणांमध्ये बांधून ठेवायची ही पद्धत १९९८ सालापासून चालत आली आहे.

या पद्धतीत & हे चिन्ह आलं की पुढे लघुरूप आहे, असं प्रोग्राम धरून चालतो. म्हणून ‘पाटील & सन्स’ असं थेट लिहिलं की तो तिथेच अडतो. त्याऐवजी &#38; लिहायचं. ‘अ’ हवा असेल तर &#2309; चालतं.

स्वतःची लघुरूपंही ठरवता येतात. त्यांना एन्टिटी म्हणतात. खरी गोम इथेच आहे. पहिल्या एन्टिटीत दहा वेळा ‘हा’, दुसरीत पहिली दहा वेळा, तिसरीत दुसरी दहा वेळा... नवव्या पायरीला शंभर कोटी ‘हा’! फाइल एवढीशी, पण ती उलगडताना मेमरी भरून संगणक ठप्प. दुसरा प्रकार त्याहून वाईट. ‘या संगणकातली अमुक फाइल इथे आणून चिकटव’ असंही एन्टिटी सांगू शकते. मग गुप्त माहिती बाहेर जायला वेळ लागत नाही.

उपाय सोपा आहे. परक्याकडून आलेली फाइल वाचताना तिच्यातल्या एन्टिटीच्या घोषणा नाकारायच्या. प्रोग्राममध्ये तशी सेटिंग असते, पण ती आधीपासून चालू असेलच असं नाही.

घरात कुणी प्रोग्रामिंग शिकत असेल, तर आज जेवताना विचारा, “तुझी सेटिंग तपासलीस का रे?”