माडी मागा ती आजची, आणि ओळखीच्या हातची

तोंडवली-तळाशीलची पट्टी चिंचोळी आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी आणि मधल्या रेताड जमिनीवर माड. या माडांवर इथल्या घरांचं पुष्कळ काही चालत आलंय. नारळ विकले जातात, झावळ्या विणल्या जातात, हिरांच्या केरसुण्या होतात, सोडणं चुलीत जातात. त्याच माडातून निघणारी माडी मात्र आपल्या डोळ्यांदेखत दुर्मीळ होत चालली आहे, आणि तिच्या नावाखाली भलतंच काहीतरी विकलं जातंय. त्याबद्दल मला सरळ बोलायचं आहे.

सुट्टीत मालवणकडे येऊन "इथलं काहीतरी द्या" म्हणणाऱ्या पाहुण्यांशी मी बोलतो आहे. तितकाच इथल्या माणसांशीही, ज्यांना माडी ही हलक्या लोकांची दारू वाटायला लागली आहे. माडी प्यायचीच असेल तर आजची, ओळखीच्या माणसाने उतरवलेली, परवान्याची आणि थोडी प्या. तशी मिळत नसेल तर त्या दिवशी शहाळं प्या. जे मद्य घेत नाहीत त्यांनी माझं वाचून सुरुवात करू नये. ज्यांना डॉक्टरांनी मनाई केली आहे किंवा ज्यांच्या घरात या व्यसनाने एकदा नासाडी केली आहे, त्यांच्यासाठी तर हा विषय इथेच संपतो.

आता थोडं लांबचं सांगतो, कारण माडीचं दुखणं जगात दुसरीकडेही होऊन गेलंय आणि तिथे त्यावर इलाज सापडला. स्कॉटलंडमध्ये एल नावाची जुन्या पद्धतीची बिअर असते. सातूला मोड आणून, ते भाजून-वाळवून त्याचा माल्ट करतात. त्या माल्टची गोडसर, खरपूस चव पुढे ठेवायची आणि कडवटपणा मागे, हा तिकडचा आवडता घाट. ही एल पिंपात भरली जाते तेव्हा तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं. तळघरात पिंपातच ती शेवटची आंबते आणि स्वतःचा फेस स्वतः तयार करते. वरून गॅस भरावा लागत नाही. ती बर्फासारखी गारही देत नाहीत. तळघराचं तापमान अकरा ते तेरा अंशांच्या आसपास असतं, तेवढीच गार. पिंप एकदा उघडलं की दोन-तीन दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर चव उतरते. डनबारची बेलहेवन ब्रुअरी १७१९ सालापासूनची मानली जाते, इतका हा व्यवहार जुना.

विसाव्या शतकात मोठ्या कंपन्यांना ही जिवंत बिअर नकोशी झाली. ती टिकत नाही, सांभाळावी लागते, लांब पाठवता येत नाही. म्हणून त्यांनी गाळलेली, यीस्ट मारलेली, वरून गॅस भरलेली बिअर पुढे केली. १९७१ मध्ये वायव्य इंग्लंडमधल्या चार मित्रांनी त्याविरुद्ध एक संघटना काढली. ते दारू गाळणारेही नव्हते आणि दुकानदारही नव्हते, पैसे देऊन पिणारी साधी माणसं होती. "आम्हाला पिंपातली जिवंत एल हवी" एवढंच ते मागत राहिले. सभासद वाढत हजारोंवर गेले, त्यांनी चांगल्या ठिकाणांची मार्गदर्शिका छापली, वाईट ठिकाणी जाणं सोडलं, आणि बंद पडू घातलेली जात टिकली. गिऱ्हाइकाने नेमकं मागितलं की विकणाऱ्याला ते द्यावं लागतं, एवढं मी त्यांच्याकडून उचलतो.

माडी त्या एलपेक्षाही जास्त जिवंत आहे आणि म्हणूनच जास्त नाजूक. माडाची पोय, म्हणजे फुलोरा, उमलायच्या आत दोरीने आवळून बांधतात. रोज हलक्या हाताने ठोकून ती मऊ करतात, मग टोकाचा पातळ काप काढतात. त्यातून रस ठिबकायला लागतो आणि खाली बांधलेल्या मडक्यात साठतो. पुढे सकाळ-संध्याकाळ वर चढायचं, रस काढून घ्यायचा, पोयीला नवा काप द्यायचा. चुकला काप की रस आटतो. एक पोय महिनाभर, कधी त्याहून जास्त चालते, आणि तेवढ्या काळात त्या पोयीला नारळ धरत नाही. माडी उतरवणं म्हणजे नारळाचं उत्पन्न सोडून देणं, हे पिणाऱ्याने लक्षात ठेवावं.

ताज्या रसात बाराएक टक्के, कधी त्याहून जास्त साखर असते. मडक्याला आतून चुना लावला की आंबणं थांबतं आणि नीरा मिळते. ती मुलाबाळांनाही चालते. चुना लावला नाही तर हवेतलं आणि मडक्याला चिकटलेलं यीस्ट लगेच कामाला लागतं. वेगळा माल्ट नको, वेगळं विरजण नको. म्हणून माडीची चव घड्याळाबरोबर बदलते, आणि ती चाखण्याची खरी गंमत तिथेच आहे.

स्कॉटलंडमध्ये एलचे प्रकार शिलिंगांत मोजत असत. साठ शिलिंगांची सौम्य, सत्तरची जरा जड, ऐंशीची आणखी जड, नव्वदची सगळ्यांत. हा आकडा पूर्वीच्या पिंपाच्या किमतीचा. आपल्याकडे तीच चढण एकाच मडक्यात एका दिवसात पाहायला मिळते. सकाळी उतरवलेली माडी गोड असते, शहाळ्याच्या पाण्याची आठवण देणारी, जिभेवर किंचित चुरचुरणारी. दुपारपर्यंत फेस धरते, रंग दुधट होतो, गोडी आणि आंबटपणा एकमेकांना तोलून धरतात. माझ्या मते चाखायची वेळ ती हीच. संध्याकाळी गोडी बरीच सरते, वास उग्र होतो आणि मद्याचं प्रमाण साधारण बिअरइतकं, चार-पाच टक्क्यांवर जातं. दुसऱ्या दिवशीची माडी आंबट, आणि तिसऱ्या दिवशी तिची वाट शिरक्याकडे लागलेली असते. "सकाळी प्यालो तेव्हा चढली नाही" म्हणून संध्याकाळी तेवढेच पेले रिचवणाऱ्याची गफलत होते ती इथे.

चाखताना घाई करू नका. काचेचा पेला घ्या म्हणजे रंग आणि बुडबुडे दिसतील. आधी वास घ्या. ताज्या माडीला आंबवलेल्या पिठाचा हलका वास असतो. नाकात झोंबणारा किंवा औषधासारखा वास आला तर पेला खाली ठेवा. पहिला घोट लहान घ्या आणि तोंडात फिरवा. बर्फ घालू नका. बर्फाने जीभ बधिर होते, माडी पातळ होते, आणि बर्फ कुठल्या पाण्याचा हा प्रश्न वेगळाच. साखर, सोडा, मीठ-मसाला काही नको. मातीच्या मडक्यात सावलीला ठेवलेली माडी जेवढी गार असते तेवढी पुरे. सोबत खायला काहीतरी असू द्या. भाजलेला बांगडा, कुळथाची पिठी आणि भात, जे घरात असेल ते. रिकाम्या पोटी माडी पिऊन उन्हात फिरणं हे अंगाला त्रास देण्याचं काम आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. माडीची मागणी आहे, पण चढणारे हात कमी झालेत. ही फट जिथे पडते तिथे भेसळ शिरते. पाणी, दुधटपणा आणायला काहीतरी पूड, गोडीला सॅकरीन आणि नशेला क्लोरल हायड्रेट. क्लोरल हायड्रेट हे एके काळचं झोपेचं औषध. राज्य उत्पादन शुल्क विभागाने आणि पोलिसांनी महाराष्ट्रात ते कितीतरी वेळा जप्त केलं आहे. ही पावडर कालवलेली माडी माणसाला गुंगी आणते, श्वास मंदावते, सवय लागली की सोडताना झटके येतात, आणि माणसं दगावतात. ही भेसळ जिभेने खात्रीने ओळखता येत नाही. मोठमोठे पिणारे सांगतात की त्यांना कळते, त्यांच्यावर विसंबू नका. तुमच्या हातात खात्रीची एकच गोष्ट आहे: माडी कुठून आली हे माहीत असणं.

म्हणून विचारा. "काका, आजची आसा काय?" हा प्रश्न विचारायला लाज वाटू देऊ नका. कुठल्या बागेतली, कोणी उतरवली, केव्हा उतरवली, परवाना आहे का, हेही विचारा. खरी माडी उतरवणारा माणूस अशा प्रश्नाने चिडत नाही, उलट बोट करून माड दाखवतो. मडक्याचं तोंड झाकलेलं होतं का तेही पाहा. बांगलादेशात उघड्या भांड्यातला खजुरीचा कच्चा रस वटवाघळांनी उष्टावल्यामुळे निपाहची लागण झाल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा जाळी किंवा कापड बांधणं ही साधी गोष्ट फार मोलाची आहे. रस्त्याकडेला प्लॅस्टिकच्या कॅनमधून, दिवसभर एकाच चवीची, हवी तेवढी मिळणारी माडी असेल तर पुढे चला. माडावरून येणारी चीज हवी तेवढी कधीच मिळत नसते. आणि एक-दोन पेल्यांत कोणी नेहमीपेक्षा जास्त पेंगायला लागला, बोलताना जीभ अडखळली, तर त्याला झोपवून ठेवू नका. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या आणि काय प्यायला ते डॉक्टरांना न लपवता सांगा.

परवान्याचं म्हणाल तर तो भार जुना आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माडी काढण्यावर परवाना आणि झाडामागे कर बसवला, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या भंडारी समाजाच्या पोटावर तो घाव बसला. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. परवान्याशिवाय माडी काढणं आणि विकणं आजही गुन्हा आहे. कायदा कडक असावा की सैल यावर वाद घालता येईल, पण चोरून विकल्या जाणाऱ्या मालात पहिला बळी पिणाऱ्याचा जातो, म्हणून परवान्याचीच घ्या, हे मी ठामपणे सांगतो. केरळने १९६९ मध्ये ताडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा केला. उतरवणारा हा कामगार आहे, त्याला म्हातारपण आहे, हे तिथे कागदावर आलं. आपल्याकडेही ते यायला हवं, आणि भंडारी समाजाच्या संस्थांनी, ग्रामपंचायतींनी ते मागायला हवं.

माड चढणं हे जिवावरचं काम आहे. पावसाळ्यात खोड निसरडं होतं, वाऱ्यात शेंडा हलतो, आणि वर एक हात कोयत्याला आणि दुसरा झाडाला. म्हणून मुलगे मुंबईला किंवा गोव्याला नोकरीला जातात आणि त्यांना दोष देता येत नाही. बागायतदारांना माझी विनंती आहे. तुमच्या माडावर चढणाऱ्याचा विमा आहे का ते विचारा. नारळ विकास मंडळाची 'केरा सुरक्षा' ही अपघात विमा योजना माडावर चढणाऱ्यांसाठीच आहे. अर्ज भरायला त्या माणसाला मदत करा, त्याचा हप्ता तुम्ही भरा. आणि पाहुण्यांनो, माडीच्या दरात घासाघीस करू नका. शहरात पिंपातल्या बिअरच्या एका ग्लासाला आपण काय मोजतो ते आठवा आणि दिवसातून दोनदा माड चढणाऱ्याला त्याचा भाव द्या. स्वस्त माडी मागणारं गिऱ्हाईकच भेसळवाल्याला बोलावतो.

पाहुण्यांसाठी समुद्राबद्दलही बोललं पाहिजे. तळाशीलकडे खाडीचं तोंड आहे. भरती-ओहोटीच्या वेळी तिथलं पाणी ओढ घेतं. वरून शांत दिसतं आणि खालून पाय उचलतं. माडी प्यायल्यावर पाण्यात उतरू नका, गुडघाभर म्हणूनही नाही. आधी पोहून या, स्थानिक माणसाला विचारून पोहा, आणि मग जेवणाबरोबर चाखा. गाडी चालवणाऱ्याने त्या दिवशी नीरा किंवा सोलकढी घ्यावी. मालवणच्या किनाऱ्यावर येणारी घरं परत जाताना पूर्ण जावीत, याहून मोठी कुठलीच चव नाही.

उरलेली माडी फेकू नका आणि शिळी पिऊही नका. गोव्यात तिच्यावर सान्नं फुगवतात, पूर्वी पावाचं पीठही तिनेच फुगवत. तांदूळ आणि ओलं खोबरं वाटून त्यात ही माडी घाला आणि पीठ वर आलं की उकडा, इडलीपेक्षा हलकं आणि किंचित गोड लागतं. शिरका करायचा असेल तर माडी काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत तोंडापर्यंत न भरता ओता, तोंडाला पातळ सुती कापड बांधा आणि सावलीत ठेवा. झाकण घट्ट लावू नका, हवा लागल्याशिवाय शिरका होत नाही. धातूचं भांडंही नको, आंबटाने ते झिजतं. तीन-चार आठवड्यांत वास स्वच्छ आंबट झाला की गाळून बाटलीत भरा. वर रंगीत बुरशी आली असेल तर सगळं टाकून द्या. या शिरक्यात लाल मिरच्या, लसूण, जिरं आणि मिरी वाटून बांगड्याला आतून-बाहेरून चोळा आणि अर्धा तास ठेवून तव्यावर परता.