चार घटकांची प्रीति

विवाहाचें बंधन नाहीं, पुढील आयुष्याचा करार नाहीं, केवळ परस्परांच्या इच्छेनें कांहीं काळ एकत्र यावयाचें आणि कुरकुर न करितां दूर व्हावयाचें, ही रीत पाश्चात्यांकडून आली, असें आमच्या घरांतील वडील मंडळी मोठ्या विश्वासानें सांगतात. त्यांनीं एकदां महाभारताचें आदिपर्व उघडून पाहावें. कण्व फळें आणावयास गेले आहेत, तेवढ्या वेळांत दुष्यंत शकुंतलेस गांधर्वविवाह सुचवितो. गांधर्वास ना मंत्र लागतो ना साक्षीदार. तरी मनूनें त्यास आठ विवाहांत गणलें आहे.

व्यासांची शकुंतला मात्र नुसती भुलत नाहीं. ती आधीं अट घालते. आपला पुत्रच युवराज झाला पाहिजे. राजा विचारहि न करितां होय म्हणतो, सैन्य पाठवून तुला नेतों असें सांगतो, आणि नगरास गेल्यावर कोणासहि पाठवीत नाहीं. पुढें ती मुलास घेऊन सभेंत येते, तेव्हां त्याला सर्व आठवत असतें, तरी तो ओळख नाकारतो. कालिदासास हें फार जड गेलें असावें. त्यानें दुर्वासाचा शाप व अंगठी मध्यें घातली आणि राजास खोटेपणाच्या दोषांतून सोडविलें. नाटक गोड झालें, परंतु नीतीचा प्रश्न व्यासांकडेच राहिला. त्यांची शकुंतला भर सभेंत सांगते कीं, सहस्र अश्वमेधांहून सत्य जड आहे. शेवटीं आकाशवाणी होते म्हणून तिचें भागतें. आमच्या मुलींकरितां आकाशवाणी होत नाहीं.

जर्मन तत्त्वज्ञ कांट आपल्या विद्यार्थ्यांस सांगत असे कीं, कामवासनेंत मनुष्य दुसऱ्यास वस्तूप्रमाणें वापरतो व रस काढलेल्या लिंबाप्रमाणें टाकून देतो. विवाहावांचून यास उपाय नाहीं. (तो स्वतः आजन्म अविवाहित राहिला.) उलट र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून असें प्रतिपादिलें कीं, रोग व नको असलेलें मूल टाळलें आणि कोणावर जुलूम झाला नाहीं, तर राजीखुषीच्या संबंधांत पाप नाहीं. आम्हांस दोघेहि अर्धेच बरोबर वाटतात. कांटचें लिंबू विवाहांतहि पिळलें जातें, हें कोणत्या एकत्र कुटुंबास ठाऊक नाहीं? आणि कर्व्यांची राजीखुषी एका प्रश्नावर अडते: दोघें नक्की कशास राजी झालीं? दोघांची समजूत एकच असेल, तर केवळ काळ थोडा म्हणून आम्ही त्यास अनीति म्हणणार नाहीं. परंतु एकास ती चार घटकांची करमणूक व दुसरीस संसाराचा आरंभ वाटत असेल, आणि हें दिसत असूनहि तो गप्प राहिला, तर तो दुष्यंतच होय.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६९ व्या कलमान्वयें, पाळण्याचा हेतु नसतां विवाहाचें वचन देऊन स्त्रीशीं संबंध ठेवणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. पण जें वचन तोंडानें उच्चारलेंच नाहीं, नुसतें समजूं दिलें, तेथें कायद्याचा हात क्वचितच पोहोंचेल. घराचा पोहोंचूं शकतो. आपण मात्र मुलींस ‘जपून राहा’ एवढेंच सांगतों, आणि मुलग्यांस तेंहि नाहीं.

कण्व परत आले तेव्हां शकुंतला लाजेनें त्यांच्यासमोर गेली नाहीं. त्यांनीं तिला दोष दिला नाहीं. हा अधर्म नव्हे, असें सांगितलें, आणि मुलगा जाणता होतांच शिष्य सोबत देऊन तिला हस्तिनापुरास धाडलें.