धूर कोणाचा?

दिवाळी सरली की साखर कारखान्यांचे भोंगे वाजू लागतात आणि आमच्या ऊसपट्ट्यात धुराचाही हंगाम सुरू होतो. संध्याकाळी शिवारात ठिकठिकाणी पाचट पेटते. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड व जड, तर तिच्यावरची उबदार असते. त्यामुळे धूर वर न चढता गावावरच तरंगत राहतो. सकाळी त्यालाच आपण कौतुकाने धुके म्हणतो! दम्याने रात्र बसून काढणाऱ्या म्हाताऱ्याला विचारा. धुके आणि धूर यांतला फरक तो सांगेल.

दिल्लीची हवा बिघडली की पंजाबच्या शेतकऱ्याला दोष देण्याची चढाओढ लागते. पण तेथे भूजल वाचविण्यासाठी २००९ च्या कायद्याने भाताची लावणी पुढे ढकलली गेली आणि कापणी व गव्हाची पेरणी यांत जेमतेम दोन-तीन आठवडे उरले, हे किती जणांना ठाऊक आहे? आमचा शेतकरीही दुष्ट नाही. खोडव्याला वेळेवर पाणी द्यायचे असते, सरीत पाचट अडते, मजूर मिळत नाही. एक काडी ओढली की रान मोकळे!

पण हे मोकळेपण स्वस्त आहे काय? एका हेक्टरात ८ ते १० टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र असते. म्हणजे १० टनांत ५० किलो! युरियाच्या दोन पोत्यांचे हे नत्र आपण बहुतांशी आकाशात सोडतो आणि पुन्हा सोसायटीतून उधारीवर पोती आणतो. त्यापेक्षा बुडखे छाटून, पाचट सरीत पसरून, टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व कुजविणारे जिवाणू टाकले, तर त्याच पाचटाचे खत होते, ओलही टिकते.

उभा ऊस जळून आला तर कारखाना पैसे कापतो. तोडणीनंतर पाचट पेटले तर कोणी विचारत नाही. माझ्या मते, नुसत्या दंडाने हे थांबणार नाही. तोडणीच्या टोळीमागोमाग पाचटाची कुट्टी करणारे यंत्र कारखान्याने फडात पाठवावे आणि त्याचे भाडे उसाच्या बिलातून हप्त्याने घ्यावे. शेतकऱ्याला उपदेश नको, वेळेवर यंत्र हवे.

आणि आपले काय? मैदानामागे पालापाचोळ्याचा ढीग पेटवायचा आणि सभागृहात ‘पर्यावरण’ या विषयावर निबंधस्पर्धा घ्यायची, यात कोणता अर्थ आहे? आपल्यापैकी निम्मे विद्यार्थी उसाच्या रानातून येतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या यंदाच्या शिबिरात भिंती रंगविण्याऐवजी एका एकराचे पाचट कुजवून दाखवू या. शेजारचा शेतकरी भाषण ऐकणार नाही, पण बांधावरून खोडवा मात्र नक्की पाहील.

(द्वितीय वर्ष, कला)