फक्त बाहेरून

ग्रुप टूर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर सगळ्यात आधी येते ती टोपी. सगळ्यांना एकाच रंगाची, वर कंपनीचं नाव. ऑफिसात मी 'सोलो ट्रॅव्हल'वाला म्हणून फेमस. पाठीवर सॅक, हॉस्टेलमधला बंक, रस्ता चुकायची हौस वगैरे. त्यामुळे बत्तीस वर्षांचा मी, ती टोपी घालून, पस्तीस ज्येष्ठ नागरिकांबरोबर तुर्कस्तानात फिरतोय, हा फोटो मी कुठेही टाकलेला नाही. टाकणारही नाही!

कारण अर्थातच आई. ठाण्यातल्या म्युनिसिपल शाळेत ३१ वर्षं इतिहास शिकवून रिटायर झाली आणि पहिला पासपोर्ट काढला तो गेल्या वर्षी. गुडघे कुरकुरतात, तेव्हा सॅकबिक कॅन्सल. टूर ठरली ती 'प्राचीन आणि ख्रिस्ती वारसा'वाली. सहाला वेक-अप कॉल, सातला नाश्ता, आठला बस. बसमध्ये थेपले, आवळा सुपारी आणि अंताक्षरी. दुसऱ्याच दिवशी आईची वसईच्या एका आंटींशी गट्टी जमली. आंटी पक्क्या कॅथलिक, मराठी अस्सल आणि आवाज खणखणीत. माझी सीट गेली मागे.

इफेससचा दिवस उजाडला. आधी डोंगरावरचं मदर मेरीचं घर. येशूच्या शिष्याने, संत जॉनने, मेरीला शेवटच्या काळात इथे आणलं अशी श्रद्धा आहे. घराच्या शोधाची गोष्ट तर भन्नाटच. अ‍ॅन कॅथरीन एमेरिक नावाची जर्मन नन आयुष्यभर आजारी, जर्मनीबाहेर कधी पाऊल नाही. १८२४ मध्ये ती वारली. तिला झालेले दृष्टान्त कोणीतरी लिहून ठेवले होते. त्यातल्या वर्णनावरून १८९१ मध्ये काही पाद्री हा डोंगर चढले आणि त्यांना हे पडकं घर सापडलं. हे तेच घर, असं चर्चने ठामपणे कधी म्हटलेलं नाही. पण १९६७, १९७९ आणि २००६ मध्ये तीन पोप इथे येऊन गेले. मुसलमान भाविकही येतात, कारण कुराणातही मेरीला मोठा मान आहे.

आत जेमतेम दोन खोल्या. आंटी मेणबत्ती लावून बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल. बाहेरच्या भिंतीवर नवसाच्या चिठ्ठ्या आणि चिंध्यांचे थरच्या थर. आईने पर्समधून रुमाल काढला, त्याची कड फाडून एक गाठ मारली. काय मागितलं, ते मी विचारलं नाही.

मग इफेसस. वरच्या दाराने शिरायचं आणि उतार उतरत खालच्या दाराने निघायचं, म्हणजे गुडघ्यांवर दया! संगमरवरी रस्ता, उन्हात लोळणाऱ्या मांजरी, दगडी बैठकींची सार्वजनिक शौचालयं (इथे ग्रुपचे सर्वाधिक फोटो) आणि सेल्ससच्या वाचनालयाची दुमजली दर्शनी भिंत. शेवटी सुमारे २५ हजार माणसं बसतील एवढं थिएटर. तिथे आंटींनी गाइडला बाजूला सारून बायबलमधली गोष्ट सांगितली. संत पॉल मूर्तिपूजेविरुद्ध बोलायला लागला, तेव्हा आर्टेमिस देवीची चांदीची छोटी देवळं घडवणारे सोनार खवळले. सगळं गाव या थिएटरात जमलं आणि दोन तास देवीचा जयजयकार करत राहिलं.

''म्हणजे मूळ दुखणं धंद्याचं,'' आई म्हणाली. गाइडसकट सगळे हसले.

खरा सीन झाला तो बसमध्ये. कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ होती : 'आर्टेमिसचं मंदिर – बाहेरून'. त्यानंतर लेदर शोरूम, दीड तास. आई माझ्या सीटपाशी आली. ''दहा मिनिटं थांबतील का रे? सात आश्चर्यांतलं आहे ते.''

मी काय म्हणावं? ''आई, तिथे एकच खांब उरलाय. गूगलवर बघ ना. उगीच सगळ्यांना उशीर.''

ती ''बरं'' म्हणून परत गेली. क्लायंटशी तासभर भांडणारा मी, टूर मॅनेजरला एक साधा प्रश्न विचारायला लाजलो. कारण काय, तर लोक काय म्हणतील.

आंटींनी ऐकलं होतं. चालत्या बसमध्ये त्या उभ्या राहिल्या. ''माझ्या आईच्या घरी सकाळी तुम्ही सगळे आलात, रांगेत उभे राहिलात. आता बाईंना त्यांचं देऊळ बघू द्या. जॅकेटं काय, मुंबईत कोण घालतं?''

बस थांबली.

खरंच एकच खांब. तोही सापडलेले तुकडे रचून उभा केलेला. भोवती दलदल, गवत, बदकं. खांबाच्या टोकावर करकोच्याचं घरटं. ब्रिटिश म्युझियमसाठी जॉन टर्टल वुड नावाचा इंग्रज सहा-सात वर्षं खणत होता, तेव्हा १८६९ मध्ये हे देऊळ हाती लागलं. आई वर्गात शिकवावं तशी सुरूच झाली. इ. स. पूर्व ३५६ मध्ये हेरोस्ट्रॅटस नावाच्या माणसाने हे देऊळ जाळलं, का, तर आपलं नाव व्हावं. त्याचं नावही घ्यायचं नाही असा हुकूम निघाला आणि म्हणूनच ते टिकलं. ''तुमचं ते व्हायरल म्हणतात ना, तेच.''

मग तिने बोट दाखवलं. खांबामागे इसाबे मशीद, १३७५ ची. तिच्यावर टेकडीवर संत जॉनच्या कबरीवर सम्राट जस्टिनियनने बांधलेल्या चर्चचे अवशेष. वर किल्ला. सगळं एका नजरेत मावत होतं. ग्रुपमधल्या एका काकांनी टोपी काढली. कोणीच घाई करेना.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ''मी फळ्यावर खूप मोठं काढायचे.''

जर्मनीबाहेर न गेलेल्या त्या ननची मला आठवण झाली. न बघता घर दाखवणारी ती. आणि न बघता ३१ वर्षं हे देऊळ फळ्यावर उभं करणारी ही.

आम्ही पंचवीस मिनिटं थांबलो. लेदर शोरूम आटोपतं घेतलं. तक्रार एकानेही केली नाही. म्हणजे मी विचारलं असतं तरी चाललं असतं. हे मला अजून टोचतं.

तेव्हा दोस्तहो, आई-बाबांना टूरला नेणार असाल, तर एक करा. कार्यक्रमपत्रिकेत 'बाहेरून' लिहिलेल्या जागा निघायच्या आधी त्यांना वाचून दाखवा. त्यातली कुठली त्यांनी वर्षानुवर्षं मनात बांधून ठेवलीय, ते विचारा. आणि तिथे बस थांबवायला तुम्ही उभे राहा. प्रत्येक बसमध्ये वसईच्या आंटी असतीलच असं नाही.