प्रभारी प्राचार्य कोण?

प्राचार्य निवृत्त झाले की महाविद्यालयाचा प्रभार कोणाकडे द्यावा, यावरून प्राध्यापकवर्गात दोन तट पडतात. एकाच्या हाती सेवाज्येष्ठतेची यादी असते, तर दुसऱ्याच्या हाती पदव्यांची.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्राचार्यपदासाठी पीएच.डी., पंधरा वर्षांचा अनुभव आणि किमान दहा शोधनिबंध आवश्यक आहेत. प्रभाऱ्याला या अटी कशाला, असे ज्येष्ठतेचे कैवारी विचारतात. प्रभार दोन-तीन महिन्यांचाच असता, तर आम्हीही हा वाद वाढविला नसता. परंतु तो वर्षानुवर्षे लांबला, की पात्रतेचा नियम कागदावरच राहतो.

ज्येष्ठतेचा एक गुण मात्र मान्य केलाच पाहिजे. ती मोजता येते. तिच्यात संस्थाचालकांच्या मर्जीला वाव नाही. म्हणून आमचे मत असे की, आधी पात्रता पाहावी आणि पात्र व्यक्तींत ज्येष्ठाला मान द्यावा. कोणीच पात्र नसेल, तर ज्येष्ठाकडे प्रभार द्यावा. पण ठराविक मुदतीपुरताच.

निवृत्तीची तारीख काही अवचित येत नाही; ती सेवापुस्तकात आधीच लिहिलेली असते. मग जाहिरातीला विलंब का व्हावा? वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूरसारख्या गावच्या सामान्य घरातील विद्यार्थ्याला दूरच्या शहराचा पर्याय सहसा परवडत नाही. जवळचे महाविद्यालय निर्नायकी राहिले, तर त्याची वर्षे वाया जातात. खुर्चीच्या भांडणात त्याची बाजू कोण मांडणार?