स्नेहाची निवड

संस्कृतांत तेलास ‘स्नेह’ म्हणतात. तेव्हां ह्या विषयांत शिक्षकानें तोंड घालणें अगदींच अनधिकार नव्हे. आमच्या पुतण्यानें आपल्या टर्बोयुक्त मोटारीची शक्ति कारागिराकडून वाढवून घेतली आणि “जोर वाढला, आतां तेलहि दाट हवें” असें तो म्हणूं लागला. त्याच मोटारींतून वहिनींस दरमहा औषधोपचारासाठीं पनवेलहून बोरघाट चढून पुण्यास न्यावें लागतें. म्हणून मी मोटारीची पुस्तिका घेऊन बसलों.

डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ ह्यांत पहिला अंक थंड तेलाचा प्रवाहीपणा दर्शवितो, दुसरा १०० अंश सेल्सिअसला उरणारा दाटपणा. फाजील दाट तेल यंत्र सुरू होतांना वरच्या भागांस उशिरां पोंचतें आणि तेवढ्यांत झीज होते. टर्बोचा दांडा जोरांत असतां मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो. त्यास वंगण व गारवा दोन्ही तेलच देतें, आणि तें अति तापलें तर त्याचाच कोळसा होतो.

शेवटीं ठरलें तें असें : अंक पुस्तिकेनें आपल्या हवामानास सांगितलेला, तेल संपूर्ण सिंथेटिक, बदल नेमल्या मुदतीपूर्वीं, आणि घाट चढून थांबल्यावर यंत्र मिनिटभर मंद चालवून मगच बंद करावें. आंतील फटी वाढविल्या असतील तरच दाट तेलाचा विचार, तोहि यंत्र बांधणाऱ्यास विचारून.

स्नेह नुसता दाट असून भागत नाहीं. तो वेळेवर पोंचावा लागतो.